निटुरे सरांची भट्टी

आगीविषयी रेवणप्पा निटुरेला जेवढं ठाऊक होतं तेवढं अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. जिल्हा तसा कोवळा होता. उस्मानाबादेतून फुटून निघाल्याला तीन-चार वर्षं झाली होती, पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जो तो पाटीवर 'जिल्हा' लावून बसला होता, आणि अशा ठिकाणी कशातही पहिला नंबर मिळवायला फार धावावं लागत नाही. तरीही रेवणप्पाचा नंबर खोटा नव्हता. फक्त त्याला जी आग ठाऊक होती ती सगळी कागदावरची होती.

उदगीरच्या मोंढ्यात त्याच्या वडिलांची, मलप्पा निटुऱ्यांची, आडत होती. मलप्पा पोत्यात हात घालत, मूठभर तूर तळहातावर घेत, फुंकर मारत, आणि त्या मुठीवरून गाडीभर मालाचा भाव सांगत. पोरगं मात्र पुस्तकातलं निघालं. मुंबईच्या मोठ्या संस्थेत शिकलं आणि डॉक्टरेटसाठी विषय घेऊन आलं तो असा, की नाव सांगतानाच ऐकणाऱ्याने पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा: ज्वलनवायूंमधील प्रारणीय उष्णतावहनाचे संख्यात्मक प्रतिमान.

लग्न झाल्यावर बायकोने, महादेवीने, एकदा धीर करून विचारलं की हे असतं तरी काय. रेवणप्पा खुशीत आला. चुलीत लाकूड जळतं, तेव्हा जो वायू आणि जी वाफ निघते ती नुसती धुराड्यातून वर जात नाही, ती तापून स्वतः चारी बाजूंना उष्णता फेकत असते. ती किती फेकते ते मी आकड्यांत काढतो, असं त्याने सांगितलं. महादेवीने विचार केला आणि म्हणाली, हात धरला की कळतंय की. त्यानंतर बरेच दिवस रेवणप्पाने घरात विज्ञानाचा विषय काढला नाही.

त्याची पद्धत मात्र खरोखर देखणी होती. भट्टीची पोकळी कागदावर लहान लहान घरांत वाटून टाकायची. प्रत्येक घरातला वायू बाकीच्या सगळ्या घरांकडे उष्णता फेकतो आणि सगळ्यांकडून घेतो. गल्लीत जसं प्रत्येक घराचं लक्ष बाकीच्या सगळ्या घरांवर असतं, तसाच प्रकार. कुणी किती दिली, वाटेत किती अडली, भिंतीने किती परत केली, याची समीकरणं मांडायची, पंचकार्डांची पेटी मांडीवर घेऊन हैदराबादच्या गाडीत बसायचं आणि तिथल्या संगणकाकडून ती सोडवून आणायची. यात एक खोच होती. हे वायू खाण्यापिण्यात भारी चोखंदळ असतात. उष्णतेचे काही पट्टे गिळतात, काही तसेच सोडून देतात. प्रत्येक पट्ट्याचा वेगळा हिशेब करायचा तर जन्म गेला असता. म्हणून रेवणप्पाने सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच सरासरी लावली. शास्त्रात याला करडा वायू म्हणतात आणि मोठमोठी माणसंही तेच करतात. आडत्याच्या पोराला सरासरी लावायला शिकवावं लागत नाही.

मुंबईचे त्याचे मार्गदर्शक म्हातारे आणि कडू तोंडाचे होते. आकडे बघून ते म्हणाले, सुंदर आहेत. आता हे एखाद्या खऱ्या आगीशी ताडून दाखव, मग सही करतो. झालं, इथं घोडं पेंड खायला लागलं. रेवणप्पा लातूरला एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात पत्र्याच्या वर्गांत शिकवू लागला, पण जीव त्या सहीत अडकला होता. घरावरच्या पाटीवर त्याने पेंटरला नावाच्या आधी एका अक्षराची जागा मोकळी सोडायला लावली होती. येणारेजाणारे विचारत, सर, रंग उडाला का. तो म्हणे, उडाला नाही, यायचा आहे.

खरी आग म्हणून त्याने एका साखर कारखान्याचा बॉयलर ठरवून ठेवला होता. पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं, ऊस वाळला, कारखान्याचा हंगाम बुडाला आणि बॉयलरमध्ये कबुतरांनी संसार मांडला. वीटभट्ट्या बंद, कारण चिखल करायलाच पाणी नाही. जिल्ह्यात पेटलेलं असं एक ऊनच काय ते उरलं होतं, आणि त्याचं मोजमाप दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं.

अशात संगप्पाशेठ देवासारखे धावले. संगप्पाशेठ डाळमिलचे मालक आणि जिल्हा नवनिर्माण समितीचे अध्यक्ष. नव्या जिल्ह्यात समितीच्या नावाने काहीतरी उभं राहायला पाहिजे होतं. कमान दुसऱ्यांनी पळवली होती, पुतळाही पळवला होता. दुष्काळात लोकांनी बांधावरची झाडं तोडून विकली होती आणि सरणाला लाकूड मिळेनासं झालं होतं. म्हणून निम्म्याहून कमी लाकडात काम भागवणारी बंदिस्त दहनभट्टी बांधायची, असा विषय निघाला. रेवणप्पा उभा राहिला आणि करड्या वायूवर बोलला. कुणाला काही कळलं नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

त्या दिवसांत रेवणप्पाला जमिनीवर पाय ठेवायला फुरसत नव्हती. भिंती जाड, आतून अग्निविटांच्या, म्हणजे त्या तापून उष्णता परत आत फेकतील. जाळी इथे, धुराडं तिथे. राहता राहिला मयत माणूस. प्रतिमानात मयत म्हणजे उष्णता शोषणारा एक ठोकळा, बाकी काही नाही. त्याचं माप कुणाला विचारायची रेवणप्पाला गरज वाटली नाही. त्याने डोळे मिटले, वडिलांना शेवटचं पाहिलं होतं ते आठवलं, आणि ठोकळा काढला. त्या ठोकळ्याभोवती घरं आखली, घरांवरून भिंती ठरवल्या. चहा घेऊन आलेल्या महादेवीने चित्र पाहिलं, तिला काही वावगं दिसलं नाही. बांधकामाचा ठेकेदार चन्नबसप्पा, त्याने पाहिलं. त्याला फक्त विटा किती लागतील ते दिसलं. संगप्पाशेठनी कागद उलटा धरून पाहिला आणि मान डोलावली. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या साहेबांनी न बघताच सही केली. एवढ्या जणांच्या डोळ्यांखालून ते चित्र गेलं, एवढं फक्त लक्षात ठेवा.

भट्टी झाली मोठी झोकदार. गावाबाहेरच्या त्या स्मशानात एवढी नवी वस्तू आजवर आली नव्हती. उद्घाटनाला बल्ल्यांचा मांडव घातला, फळ्यांचं व्यासपीठ केलं, लाकडी चौकटीवर 'वैज्ञानिक दहनभट्टी' असा फलक लावला. कोनशिलेवर संगप्पाशेठ मोठ्या अक्षरांत आणि प्रा. रेवणप्पा निटुरे बारीक अक्षरांत. मोठ्या साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि साहेब सवयीने म्हणून गेले, "हं, आता चालू करून दाखवा." मांडवात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फीत आणली होती, नारळ आणला होता, मयत कुणी आणलं नव्हतं.

मग सुरू झालं वाट बघणं. गावातल्या लोकांनी भट्टीचं कौतुक केलं आणि आपली माणसं जुन्या जागेवरच नेली. पहिला मान कुणालाच नको होता. रेवणप्पा लोकांच्या तब्येतीची चौकशी करायला लागला. एरवी शेजाऱ्याला नमस्कार न घालणारा हा माणूस म्हाताऱ्यांच्या उशाशी जाऊन बसू लागला, नाडी बघितल्यासारखा मनगट धरू लागला. गल्लीतला व्यंकटी शिंपी खोकल्याने अंथरुणाला खिळला होता. त्याच्याकडे रेवणप्पाच्या इतक्या खेपा झाल्या, इतके बिस्किटांचे पुडे गेले, की व्यंकटी चिडून बरा झाला. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. इथं गाय उलट धष्टपुष्ट झाली आणि रोज सकाळी मुद्दाम सरांच्या दारावरून फिरायला जाऊ लागली.

"जरा लाज धरा," महादेवी एका संध्याकाळी म्हणाली. "तुम्हाला बघून लोकं खोकला दाबून राहिलेत."

रेवणप्पाला ते लागलं. पण त्याने डोळे वर करून पाहिलं ते पाटीवरच्या मोकळ्या जागेकडे.

श्रीमंत हा एका सरकारी कचेरीत शिपाई होता. गाव चाकूरकडचं. विहीर आटली, जनावरं गेली, तेव्हा त्याचे वडील शेषेराव लातूरला पोराच्या एका खोलीत राहायला आले होते. शहरात त्यांना करमत नव्हतं. पहाटे उठून नळाच्या रांगेत बसत, तेवढंच पाण्याचं काम. एका सकाळी ते रांगेतून आले, भिंतीला टेकले आणि गेले. श्रीमंत रजा सांगायला कचेरीत आला, तर बातमी त्याच्या आधी पोचली होती. कचेरीतल्या साहेबांनी संगप्पाशेठना फोन केला, संगप्पाशेठनी कॉलेजात माणूस पाठवला, आणि साहेब श्रीमंतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की नव्या जिल्ह्यातला पहिला मान तुझ्या वडिलांचा. शिपायाच्या खांद्यावर साहेबाने हात ठेवला की त्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय लाकूड तरी कुठं होतं? श्रीमंत 'हाव' म्हणाला.

निरोप मिळाला तेव्हा रेवणप्पा वर्गात शिकवत होता. त्याला आनंद झाला. हे लपवून काय करायचं? त्याला मनापासून आनंद झाला आणि तो हातातला खडू खिशात घालून पळाला.

भट्टीच्या भिंतींना ठेवलेल्या भोकांतून त्याने तापमापकाच्या तारा आत सोडल्या, जाळीवर मोजून लाकूड रचलं. तिरडी आली. बायका वेशीवरून परतल्या होत्या, पन्नासेक माणसं होती. शेषेरावांना उचलून भट्टीच्या दाराशी आणलं. आत सरकवलं. डोकं गेलं, छाती गेली, कंबरही जेमतेम गेली, आणि डोकं मागच्या भिंतीला टेकलं. मांड्यांपासून खाली शेषेराव दाराबाहेर राहिले. वर मात्र हातभर मोकळी जागा. लोकांना वाटलं आपलंच चुकलं. बाहेर काढून पायांकडून घातलं, तर छाती बाहेर राहिली. तिरपं करून पाहिलं. मग तिरडी धरलेल्या एका म्हाताऱ्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, ह्येच्यात मेलेल्यानं बसायचं असतंय का?"

तेव्हा कुठे रेवणप्पाच्या डोक्यात उजेड पडला.

निटुरे लिंगायत. त्यांच्यात मयताला जाळत नाहीत. मलप्पा गेले तेव्हा त्यांना आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, मखरात मांडी घालून बसवलं होतं आणि तसंच बसलेलं उदगीरच्या बाजारातून वाजतगाजत नेलं होतं. खड्ड्यातही बसवूनच उतरवलं. रेवणप्पाच्या घरात मेलेला माणूस कधी आडवा झालाच नव्हता. रस्त्याने जाणाऱ्या तिरड्या त्याने पाहिल्या होत्या, नाही कशाला? पण बाजूला सरकून, हात जोडून, पुढच्या कामाला लागून. हाताने काढलं ते डोळ्यात बसलेलं. महादेवी लिंगायत, चन्नबसप्पा लिंगायत, संगप्पाशेठ लिंगायत. कुणालाच बसलेला ठोकळा खटकला नाही. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी सरणावर गेलं नाही त्यांनी गावाला जाळायची भट्टी बांधून दिली होती. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकून होतो, हे उंटावरून सरण रचणं झालं. आणि मुंबईच्या ज्या एका साहेबाने स्वतःच्या बापाला अग्नी दिला होता त्याने कागद बघितला नव्हता.

संगप्पाशेठ हळूच म्हणाले, गुडघे दुमडून बघावं का. अंग केव्हाच ताठलं होतं. चन्नबसप्पाने तरी हात पुढे केला.

"बाबांला मोडू नका," श्रीमंत म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदा आपण होऊन बोलला होता.

हात मागे गेला. मग लोकांनीच मार्ग काढला. उद्घाटनाचा मांडव अजून उभाच होता, त्याच्या बल्ल्या उपसल्या. व्यासपीठाच्या फळ्या आल्या. चन्नबसप्पाने मूग गिळून आपलं सेंट्रिंगचं लाकूड दिलं. शेवटी कमी पडलं तेव्हा कुणीतरी 'वैज्ञानिक दहनभट्टी' हा फलक चौकटीसकट उतरवून सरणावर ठेवला. भट्टीपासून दहा पावलांवर, उघड्यावर, शेषेराव ऐसपैस आडवे झाले. श्रीमंतने खांद्यावर मडकं घेऊन तीन फेऱ्या घातल्या, प्रत्येक फेरीला मडक्याला एक भोक. रेवणप्पा हे जन्मात पहिल्यांदा बघत होता. तो बघतच राहिला.

आग धरली आणि तिचा पहिला झोत त्याच्या तोंडावर आला. तो मागे सरला. इतकी वर्षं ज्या उष्णतेची समीकरणं मांडली ती अशी येते, न हलता, न शिवता, नुसती समोरून, हे त्याच्या कातडीला त्या दिवशी कळलं. डोळे चुरचुरले. बाकीची माणसं जागची हलली नाहीत, त्यांना ती सवयीची होती.

ओल्या धोतरात श्रीमंत त्याच्यापाशी आला. रेवणप्पाला वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि त्याने त्या खाल्ल्या असत्या.

"सर, तुमचं मोजायचं ऱ्हाऊन गेलं," श्रीमंत म्हणाला. "मोजून घ्या. बाबांच्यानं कुणाचं काम व्हत असंल तर चांगलंच हाय की."

माणसाला काही लाज असेल तर अशा वेळी तो पाठ फिरवतो. रेवणप्पालाही लाज वाटली, खूप वाटली. पण हातांनी आधीच तारा भट्टीतून ओढून काढल्या होत्या. तो सरणाभोवती फिरला, कधी जवळ, कधी लांब, वाऱ्याच्या बाजूने आणि वाऱ्याच्या विरुद्ध. माणसं पांगली तरी तो मोजत होता.

खरी आग त्याच्या कागदावरच्या आगीपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता फेकत होती. कारण शोधायला त्याला फार दिवस लागले नाहीत. त्याच्या कागदावरचे वायू स्वच्छ होते. खऱ्या ज्वाळेत काजळी असते, तिचे बारीक कण तापून पिवळे होतात, आणि ते वायू आणि वाफ या दोन्हींपेक्षा जास्त उष्णता देतात. ज्वाळा पिवळी दिसते ती त्यांच्यामुळेच. आयुष्यभर आगीचा अभ्यास करून हा माणूस काजळी धरायला विसरला होता. त्याने ती धरली, पेटी घेऊन पुन्हा हैदराबाद गाठलं, आकडे जुळले. मुंबईच्या म्हाताऱ्याने सही केली. पेंटर येऊन पाटीवर 'डॉ.' लिहून गेला. रंग ताजा असल्यामुळे ते एवढंच अक्षर लांबून दिसायचं.

भट्टी तिथेच आहे. तिच्यात कुत्री विते. लातूरची माणसं फार बोलत नाहीत; एवढंच म्हणतात की निटुरे सरांचं माप बरोबर होतं, गिऱ्हाईक चुकलं.

कॉलेजात सत्कार झाला. संगप्पाशेठनी शाल घातली, भाषण केलं आणि भट्टीचा उल्लेख शिताफीने टाळला. गर्दी ओसरल्यावर श्रीमंत आला, खाकी कपड्यांतच, हातात झेंडूचा हार. तो सरांच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, पुस्तक बघायचं हाय. टेबलावर प्रबंध होता, काळ्या पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा. श्रीमंतने हात पँटला पुसले आणि पुस्तक उचलून सरांच्याच हातात दिलं.

"बाबांचं नाव कुठं हाय, सर?"

आभारांचं पान रेवणप्पाला तोंडपाठ होतं. मार्गदर्शक, प्राचार्य, संगप्पाशेठ, चन्नबसप्पा, हैदराबादचं संगणक केंद्र, टायपिस्ट, आणि सोशिकपणाबद्दल महादेवी. तो पानं उलटत गेला. समीकरणं गेली, आलेख गेले, शेवटच्या प्रकरणात एका तक्त्यापाशी त्याचं बोट थांबलं. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं: नमुना क्रमांक एक, आडव्या स्थितीत.

"हे बघा," तो म्हणाला.

श्रीमंतला इंग्रजी येत नव्हतं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. "पूर्ण हाय का? शेषेराव माणिकराव?"

"हो," डॉ. निटुरे म्हणाले. "पूर्ण आहे."

श्रीमंतने त्या ओळीवर बोटं टेकवली आणि डोळ्यांना लावली. मग सरांच्या गळ्यातल्या हारातून एक फूल खुडून पानावर ठेवलं आणि चहाला न थांबता निघाला, कचेरीत साहेब खोळंबले होते.